असा वेडेपणा गावोगाव पसरावा

पोषण सर्वेक्षणात वेडेपणा करणाऱ्या अंगणवाडी ताईंचे मला जाहीर कौतुक करायचे आहे, अगदी मनापासून.

व्यवहार सांगतो, मूल रडतेय, काटा हलतोय, तर अंदाजाने साडेआठ किलो लिहा आणि पुढचे घर गाठा. वेडी ताई मूल शांत होईपर्यंत थांबते. काटा शून्यावर आणते, स्वेटर उतरवते, पायातले वाळेही काढायला लावते. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवे झोपवूनच मोजते, कारण उभे मोजले की सुमारे 0.7 सेंटिमीटर कमी भरतात. जन्मतारीख कुणाला सांगता येत नसेल तर आईशी बोलत बसते : पोळ्याच्या आधी झाला की नंतर? वय चुकले की पुढचे सगळे गणित चुकते.

मग दंडघेराची पट्टी. डावा दंड सैल सोडलेला, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी, ना घट्ट ना ढिली. माप येते 11.4 सेंटिमीटर. 11.5च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, सॅम. शहाणी माणसे म्हणतील, एका मिलिमीटरने काय बिघडते? 11.5 लिहा, सॅमचे मॅम, म्हणजे मध्यम कुपोषण, होईल, वरून विचारणा यायची नाही. ताई 11.4च लिहिते. मग तपासणी, ग्राम बाल विकास केंद्र, पुन्हा पुन्हा वजन, अशी सगळी कामे तिच्याच गळ्यात पडतात. पण त्या एका मिलिमीटरमुळे मुलाला उपचार मिळतात.

मेळघाटातले एखादे घर मजुरीला बाहेर गेलेले असते. ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून मोकळे होता येते. ती मात्र ते कुटुंब परतल्यावर पुन्हा त्या दारात जाते, कारण पोटापाण्यासाठी घर सोडावे लागलेल्यांचीच मुले आधी बघायला हवीत.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले खुजी आणि 25.6 टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. हे आकडे लाजिरवाणे आहेत, पण ते खाली आणायचे ते मुलांच्या ताटात अन्न वाढून, रजिस्टरात खाडाखोड करून नव्हे.

म्हणून सॅमची संख्या वाढली की ताईला जाब विचारणे थांबवा. तिने मूल शोधून काढले, यात तिचा काय गुन्हा? तिला नीट चालणारा काटा द्या, वेळेवर मानधन द्या आणि खऱ्या आकड्याबद्दल शाबासकी द्या. मग हा वेडेपणा गावोगाव पसरेल. पसरायलाच हवा.