किरकोळ : २० युरो

मुलगा जर्मनीला शिकायला निघाला, की सोसायटीतले लोक पेढे खायला येतात. बजेटकाका लॅपटॉप घेऊन येतात. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, सगळी हयात कर्जाच्या फायली तपासण्यात गेलेली. पैसे मागायला आलेला माणूस गरजेपेक्षा जास्तच मागतो, हा त्यांचा सिद्धान्त. परदेशात स्वतः कधी गेलेले नाहीत. त्यामुळे तिथल्या खर्चाबद्दल त्यांना कसलीच शंका नसते.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात आणि तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२च हाती पडतात, हे कळल्यापासून काकांचा जर्मन सरकारवर फार जीव आहे. "पोरांच्या हातात एकरकमी पैसा द्यायचा नसतो, हे त्यांना कळतं!" पण सरकार झालं तरी आकडा फुगवून सांगणारच. म्हणून काका ८०० वर रेघ मारतात.

मग एक्सेल उघडतं. भाडं. तिथे भाड्याचे दोन आकडे असतात, एक नुसत्या जागेचा आणि दुसरा हीटिंग-पाण्यासकट. काका पहिला धरतात. "स्वेटर कशाला घेतलेत मग?" प्रवास शून्य, कारण बसचा पास सेमेस्टरच्या फीमध्येच आला. पास आहे म्हटल्यावर खोली गावाबाहेर, स्वस्तातली. केस कापणे शून्य. ट्रिमर इथून न्यायचा आणि रूममेटशी संबंध चांगले ठेवायचे. 'बाहेर खाणे' असाही एक रकाना आहे. त्याचा अर्थ, घरून डबा नेऊन बाहेर खाणे. शेवटची ओळ ठरलेली. किरकोळ : २० युरो.

बॅगेचंही बजेट असतं. २३ किलोंत कुकर, कुकरच्या दोन जादा रिंगा, भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला. कपडे उरलेल्या जागेत. विमानतळावर जादा वजनाचे पैसे भरावे लागले, तर ते 'किरकोळ'मध्ये.

मुलगा पोचतो आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ऑडिट सुरू होतं. शेजारच्या घरातला कॉल, पण काका वेळेवर हजर. घरमालकाने तीन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट घेतलं, असं मुलगा सांगतो.

"परत मिळणार ना? मग तो खर्च नव्हे."

"काका, पण आत्ता माझ्याकडे..."

"खर्च नव्हे!"

पुढच्या रविवारी वेगळं दुखणं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो.

"पण तुझ्याकडे टीव्ही कुठाय?"

"नसला तरी भरावी लागते."

काका चष्मा काढून पुसतात. "मग एक घेऊनच टाक. निदान वसूल तरी होईल."

एक बातमी मात्र त्यांना मनापासून आवडते. पाण्याची, कोल्ड्रिंकची रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात. काका त्याच मिनिटाला जमेचा नवा रकाना उघडतात. "अरे, मग मित्रांच्या पार्ट्यांना जात जा. काही पिऊ नकोस. बाटल्या आण."

रविवारी तिथे दुकानं बंद असतात, हेही त्यांना पटतं. आठवड्यातला एक दिवस बिनखर्चाचा. मुलगा शनिवारी दुप्पट खरेदी करतो, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचू दिली जात नाही.

वर्षभराने पोरं शहाणी होतात आणि काकांना खरे आकडे कळवतात. काका मनाने मोठे. भाडं हीटिंगसकट धरतात, डिपॉझिट मान्य करतात, वर्गणीही लिहितात. हिशेब ८०० वरून ९९२ वर जातो, मग त्याच्याही पुढे. या सुधारित आवृत्तीच्या जोरावर पुढच्या वर्षीची पोरं खरोखरच बऱ्यापैकी सुखात राहतात.

बदलत नाही ती फक्त शेवटची ओळ. सिनेमा, वाढदिवस, हरवलेले हातमोजे, चुकलेल्या गाडीमुळे घेतलेली टॅक्सी, प्रेमात पडल्यावरच्या कॉफ्या, अख्खी जर्मनी तिच्यातच कोंबावी लागते. ती वाढवा म्हटलं, की काका लॅपटॉप मिटतात.

"किरकोळ वाढवलं, की पोरं बिघडतात."