सेटिंग वाढवा!

मोटर बंद पडली की कारखान्यात पहिला आरोपी ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट सेटिंगपलीकडे गेला की मोटर बंद पाडणारा. ‘मोटर ठणठणीत आहे हो, रिलेच सारखा मारतोय,’ हे भोसरीपासून इचलकरंजीपर्यंत एकाच सुरात ऐकू येतं. पाठोपाठचा हुकूमही ठरलेला: ‘सेटिंग वाढवा.’

मग बोलावणं जातं प्रस्तुत लेखकाला. तो लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून पॅनेलकडे निघतो, तो थेट शस्त्रक्रियेला निघालेल्या सर्जनच्या थाटात. दार उघडण्याआधी ‘थर्मल कर्व्ह’ हे दोन शब्द तो खर्जात उच्चारतो. खरं तर दहा एचपीच्या मोटरचा साधा बायमेटल रिले लावायला एक स्क्रूड्रायव्हर आणि वाचता येणारी नेमप्लेट पुरते. पण नुसता स्क्रूड्रायव्हर खिशात घालून आलेल्याला वायरमन समजतात आणि चहा बशीशिवाय देतात.

‘वाचता येणारी’ हे जपून म्हटलं आहे. खंडेनवमीला मोटरची पूजा होते आणि पूजेआधी रंगरंगोटी. ब्रश धरणारा पोरगा श्रद्धाळू. तो मोटरचा एक इंचही उघडा ठेवत नाही. पहिल्या दसऱ्याला नेमप्लेटवरचे अँपिअर जातात, दुसऱ्याला आरपीएम, पुढे कधीतरी कंपनीचं नाव. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. झेंडूची माळ मागच्या फॅन कव्हरवर, म्हणजे मोटर थंड हवा ओढते नेमक्या त्या जाळीवर. माळ वाळते, पण देवाला वाहिलेली काढायची कोणी? इथे रिलेही हतबल असतो. त्याला दिसतो फक्त करंट. हवा अडली म्हणून करंट वाढत नाही, वाइंडिंग मात्र आतून तापत राहतं. ते कळायला वाइंडिंगमध्येच थर्मिस्टर बसवून घ्यावे लागतात, आणि त्यांचा खर्च ऐकून मालकांची श्रद्धा आणखी वाढते. तर लेखक थिनर आणि चिंधी घेऊन उकिडवा बसतो आणि दसऱ्यामागून दसरा खरवडत जातो. लॅपटॉप तोवर स्टुलावर झोपलेला. अँपिअर सापडले, की जवळ उभा असलेला कोणीतरी सांगतो, ‘साहेब, ही मोटर दोनदा रिवाइंड झालीय.’ म्हणजे त्या आकड्यावरही हात ठेवून शपथ घेता येत नाही.

आकडा सापडला तरी गोंधळ संपत नाही. मोटर साडेचौदा अँपिअरची, स्टार-डेल्टा स्टार्टर, आणि रिले डेल्टाच्या आत बसवलेला; मग डायल 0.58 पटीवर, म्हणजे 8.4 वर लावायचा. हे ऐकून सुपरवायझर लेखकाकडे मापात मारणाऱ्या वाण्याकडे पाहावं तसं पाहतो. जड ब्लोअर असेल तर आणखी मजा. थेट सुरू होताना मोटर सहा-सात पट करंट ओढते. क्लास 10 चा रिले सेटिंगच्या 7.2 पट करंटला थंड अवस्थेतून दहा सेकंदांच्या आत ट्रिप होतो, आणि ब्लोअरला वेग घ्यायला पंधरा लागतात. इथे, मोटरला झेपणार असेल तर, क्लास 20 किंवा 30 चा रिले घ्यायचा असतो. डायल पिळायचा नसतो.

पिळतात मात्र डायलच. हा रिले सेटिंगच्या 1.05 पट करंटला दोन तास मुकाट राहतो, 1.2 पट झाला तरी त्याला दोन तासांची मुदत असते. एवढा सोशिक प्राणी अख्ख्या शॉपमध्ये दुसरा नाही, आणि शिव्या त्यालाच. एका ठिकाणी, रिलेने मारलं तरी मोटरचा स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर दाबलेला राहावा म्हणून त्यात आइस्क्रीमची काडी खोचलेली होती. जळल्या वॉर्निशचा वास पसरला की चौकशी होते ती रात्रपाळीच्या वायरमनची. रात्री दोन वाजता ‘चालू कर, माल अडलाय’ असं फोनवर ओरडणारा त्या चौकशीत खुर्चीवर बसलेला असतो. याचा राग लेखकाला कधीच विनोदात बसवता आलेला नाही.

अशाच एका सारख्या ‘मारणाऱ्या’ रिलेपाशी लेखकाने लॅपटॉप उघडला, केबल शोधली, आणि मग ध्यानात आलं की बायमेटल रिलेला केबल जोडायला जागाच नसते. तेवढ्यात वायरमन मामांनी पॅनेलचं दार पूर्ण उघडलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखा, वेळा आणि प्रत्येक वेळी क्लॅम्प मीटरने मोजलेले तिन्ही फेजचे करंट लिहिलेले होते. बी फेज दरवेळी कमी, बाकीचे दोन चढलेले. खाली बारीक अक्षरात: ‘कॉन्टॅक्टर बी फेज बघणे.’ उघडून पाहिलं तर बी फेजचा कॉन्टॅक्ट काळा ठिक्कर, निम्मा झिजलेला.

‘हे कोणाला दाखवलं नाही का मामा?’

‘दार रोज उघडतात की साहेब.’

कॉन्टॅक्टर बदलला, डायल होता तिथेच राहिला. लेखकाने रंगीत आलेखासह चार पानी अहवाल दिला. त्यात एक ओळ मामांनी आग्रहाने घालून घेतली: लेखी परवानगीशिवाय रिलेच्या सेटिंगला हात लावू नये. ते स्वतः हे वर्षानुवर्षं सांगत आले होते, पण त्यांच्याकडे लेटरहेड नव्हतं.