खिडकीपंडित

खिडकीपंडित ही प्रवाशांची जात मुंबई–गोव्यासारख्या तासाभराच्या विमानात विशेष आढळते. लांबच्या प्रवासात लोक झोपतात, त्यामुळे तिथे त्याला श्रोता मिळत नाही. तिकीट कुणी काढलं, कितीला पडलं, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. वेब चेक-इन सुरू झालं की मात्र घरातले सगळे पीएनआर तो आपल्याकडे घेतो.

त्याचं मूळ सूत्र बरोबर असतं. गोव्याला जाताना विमान दक्षिणेकडे जातं, म्हणून सह्याद्रीसाठी डावीकडची ‘ए’, समुद्रासाठी उजवीकडची ‘एफ’, परतताना उलट. मुंबईहून पश्चिमेकडे उड्डाण झालं तर विमान समुद्रावर जाऊन डावीकडे वळतं, डावा पंख झुकतो आणि हवा स्वच्छ असली तर वांद्रे–वरळी सागरी सेतू ‘ए’वाल्याच्या पुढ्यात येतो. पण सकाळच्या विमानात ऊनही त्याच बाजूला. एअरबस ए३२०च्या मधल्या रांगांत पंखच पाहत बसावं लागतं. एटीआरचा पंख खिडक्यांच्या वर असतो, म्हणून ते विमान त्याचं लाडकं. बोइंग ७३७मध्ये डाव्या बाजूला एके ठिकाणी खिडकीच नसते, कारण तिथून वातानुकूलनाची नळी वर जाते. ही माहिती तो लग्नाच्या पंगतीत सांगतो, तशी तेराव्यालाही. मोपा विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाल्यापासून त्याचा अभ्यासक्रम दुप्पट झाला आहे. दाबोळीला समुद्र लगत, मोपा पेडण्याच्या पठारावर. म्हणजे उतरतानाचा हिशोब वेगळा.

बायकोला ‘बी’ मिळते, कारण ‘तुला तसंही वाचायचंच असतं.’

विमान वर गेलं की तो कपाळ काचेला टेकवतो. काचेवर तेलाचा गोल डाग उमटतो, तो बाहीने पुसतो आणि पुन्हा टेकवतो. मोबाइल फ्लाइट मोडवर, पण नकाशा आदल्या रात्रीच उतरवून घेतलेला. खिडकीशी धरला की निळा ठिपका सरकू लागतो. खाली एखादी खाडी चमकली की तो ‘विजयदुर्ग!’ म्हणून जाहीर करतो. ठिपका त्या वेळी जयगडवर असेल, तर ठिपका चुकलेला असतो. जून ते सप्टेंबर दोन्ही बाजूंना निव्वळ ढग असतात. तेव्हा तो ‘आत्ता या ढगाखाली रत्नागिरी’ असं सांगतो, आणि ते खोडून काढणं कुणालाच शक्य नसतं.

दाबोळी हा नौदलाचा तळ. तिथे फोटो काढायला मनाई आहे, ही घोषणा तो क्रूच्या आधी करतो. मोबाइल खिशात गेल्यामुळे उरलेलं सगळं तोंडी वर्णनावर येतं.

शेजारची मधली जागा वाट्याला आलेल्या परक्या प्रवाशाने ‘खाली काय दिसतंय हो?’ एवढं मात्र विचारू नये. सामानाच्या पट्ट्यापर्यंत सुटका नाही.