हर्णैची सुटी

सुटीत हर्णैस उतरणाऱ्या पुणेकर गृहस्थांचा कार्यक्रम सरकारी हुकुमाप्रमाणे आधीच मुक्रर असतो: सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, दुपारी होडीने सुवर्णदुर्ग, जो १७५५ साली खुद्द पेशव्यांच्या सहकार्यानेच इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला, हा तपशील मात्र सहसा कोणी काढीत नाही, आणि सायंकाळी, नाकास रुमाल लावून, पुळणीवरचा मासळीचा लिलाव. तेथे पाटीतील कोळंबी अद्याप उड्या मारीत असताही, ‘ताजी आहे ना हो, मावशी?’ अशी पृच्छा हटकून होते. मावशी उत्तर देत नाहीत. भाव तेवढा वाढवितात. जून-जुलैत, यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असता, खानावळीत ‘आजच्याच’ पापलेटाचा आग्रह धरणारा वर्ग निराळा. त्याच्या समाधानार्थ बर्फाची पेटी सदैव तत्पर असते.