आधी आत गेलेला घोडा

मुहूर्त बारा छत्तीसचा असला की आमच्या घरची मंडळी बाराला कार्यालयात हजर. मुठीतल्या अक्षता घामाने चिकट होईपर्यंत बसून राहतात. मुलीचा मामा सव्वाला उगवतो, आणि ‘आले, आले!’ करत अख्खं कार्यालय त्याच्या स्वागताला धावतं. बाराला आलेल्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलेलं नसतं. वेळेवर येण्याची शिक्षा म्हणजे वाट पाहणं, ही शंका मला तिथे पहिल्यांदा आली. खात्री पटली ती महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर.

काकांना रेसचा नाद होता. घरदार विकण्याइतका नव्हे. दिवाळीच्या बोनसमधल्या दोन नोटा घालवण्याइतका. एकदा ते मला बरोबर घेऊन गेले. दहा-दहाची दोन तिकिटं काढली आणि आम्ही दुर्बिणीतून आळीपाळीने लांबवर पाहू लागलो. तिकडे रेस सुटण्याचं गेट उभं होतं. लोखंडी खुराड्यांची रांगच म्हणा. एका खुराड्यात एक घोडा, पुढे दार, मागे दार. आमचा घोडा तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखा तो कुरकुर न करता आत गेला. काका खूश. ‘‘बघ, किती शहाणा आहे!’’

एकेक करत बाकीचेही गेले. राहिला एक काळा. तो गेटापाशी यायचा, आत डोकवायचा आणि आल्या पावली मागे फिरायचा. त्याला गोल फिरवलं, डोळ्यांवर पट्टी बांधली, शेवटी चौघांनी त्याच्या पुठ्ठ्यामागे हातात हात गुंफून त्याला रेटायला सुरुवात केली. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘अरे, घोडं कुठं पेंड खातंय?’’ ही म्हण इतक्या शब्दशः वापरलेली मी तेवढी एकदाच ऐकली.

एवढा वेळ आमचा शहाणा आत उभा. आधी मान झटकत होता, मग मानेवर घामाचा फेस दिसायला लागला. जॉकी त्याला थोपटत होता. तेवढ्यात काळा आत ढकलला गेला आणि पुढच्या क्षणी दारं उघडली. काळ्याला खुराड्यात उभं राहावं लागलंच नाही. तो एका दारातून शिरला आणि दुसऱ्या दारातून जवळजवळ चालत्या गाडीसारखाच सुटला. आमच्याने नेमके त्याच वेळी पुढचे पाय उचललेले होते. ते खाली टेकेपर्यंत रेस पुढे गेलेली. काकांनी तिकिटांच्या बारीक घड्या घातल्या. ‘‘शहाणा होता, म्हणून गेला,’’ एवढंच म्हणाले.

आडमुठ्याला शेवटी आत घालतात यात तशी चूक काही नाही. तो आत जितका कमी थांबेल तितकं त्याच्या जॉकीला आणि शेजारच्या घोड्यांना बरं. पण या शहाणपणाचं बिल येतं ते आधी आत गेलेल्याच्या नावावर. संकट दिसलं की पळायचं, हे घोड्याच्या रक्तातच आहे. त्याला अंगाला घासेल एवढ्या जागेत कोंडायचं आणि म्हणायचं, थांब जरा. बाराशे मीटरची रेस सव्वा मिनिटाच्या आत आटोपते. तीन मिनिटं ताटकळलेला घोडा म्हणजे, मनातल्या मनात, दोन रेस पळून मग तिसरीला उभा असतो.

या ताटकळण्याचा फायदा उठवणारेही होऊन गेलेत. १८२७ साली इंग्लंडात डॉन्कास्टरला सेंट लेजरच्या शर्यतीत ममेलूक नावाचा घोडा उतरला. त्याच वर्षीचा डर्बीविजेता, पण डोक्याने भडक. तेव्हा गेट नव्हतं, घोडे रांगेत उभे करून सोडायचे. सुरुवात फसली, पुन्हा फसली, फसतच राहिली. ममेलूक पार बिथरला आणि खरी सुरुवात झाली तेव्हा मागे राहिला. मटिल्डा नावाची घोडी जिंकली. हा सगळा घोळ मुद्दाम घातला, असा तेव्हा बोलबाला झाला. पायात खिळा नाही, दाण्यात औषध नाही. नुसतं थांबवून ठेवलं की काम झालं. आपल्याकडच्या कचेऱ्यांना ही विद्या कुणी शिकवावी लागली नाही, एवढं मात्र अभिमानाने सांगता येईल.

असल्या भानगडी नकोत म्हणूनच गेट आलं. विजेवर उघडणारं गेट १९३९ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला वापरलं गेलं. ब्रिटनने १९६५ पर्यंत सवडीने विचार केला. सगळे एका रेषेत, सगळ्यांची दारं एका क्षणी खुली. दार उघडल्यानंतरचा न्याय एकदम चोख झाला. दार उघडण्याआधीचा तेवढा राहिला.

तिकडे अडथळ्यांच्या शर्यतींना मात्र आजही गेट नसतं, आडवी दोरी असते. १९९३ च्या ग्रँड नॅशनलला त्या दोरीने काय केलं ते साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. आधी निदर्शकांमुळे उशीर, मग एक सुरुवात फसली. दुसऱ्या वेळी दोरी एका जॉकीच्या गळ्यातच अडकली. स्टार्टरने परत बोलावायला लाल निशाण हलवलं, तर ते उलगडेना. ३९ पैकी ३० घोडे निघून गेले. लोक ओरडत होते. जॉकींना वाटलं, प्रोत्साहन देताहेत किंवा निदर्शक असतील. सात जणांनी सात किलोमीटरांहून लांबची ती शर्यत पुरी केली. एशा नेस पहिला आला, तोही झकास वेळ नोंदवून. त्याची ट्रेनर जेनी पिटमन शर्यत थांबवा म्हणून रडत विनवत होती, आणि तिचाच घोडा जिंकत होता. निकाल रद्द झाला. सुमारे साडेसात कोटी पौंडांच्या पैजा परत कराव्या लागल्या.

काकांनी ही बातमी पेपरात दोनदा वाचली. मग चष्मा काढून मला म्हणाले, ‘‘म्हणजे सगळ्यांचाच घोळ झाला तर पैसे परत. एकट्याचा झाला तर नाही.’’

खरं आहे. दारच उघडलं नाही, तर बऱ्याच देशांत तो घोडा धावलाच नाही असं धरतात. आत उभं राहून घामाघूम झाल्याबद्दल मात्र कुणी काही परत करत नाही. आमचे वीस रुपये गेले ते गेलेच.