फोटो झाला, धडा झाला

धडा शिकवून झाला हे ओळखायचं कसं, यावर शिक्षणशास्त्रात जाडजूड ग्रंथ आहेत. पूर्वीचे गुरुजी मुलाला उभं करत, दोन प्रश्न विचारत आणि उत्तरावरून काय ते समजून घेत. ही रीत वेळखाऊ होती. शिवाय मुलाला काहीच आलेलं नाही, हे भर वर्गात उघडं पडायची भीती असे. आता तसं काही राहिलेलं नाही. फोटो काढावा, त्यावर तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटलेत ना ते पाहावं, लिंकवर चढवावा. केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर साहेबांचा अंगठा आला, की धडा झाला.

महाराष्ट्र इथवर एका दिवसात पोचलेला नाही. १९८७ साली केंद्र सरकारने खडू-फळा मोहीम काढली, तेव्हा अपेक्षा फारच माफक होत्या. शाळेला निदान दोन खोल्या असाव्यात, दोन शिक्षक असावेत, फळा असावा. फळ्याची अडचण अशी, की त्यावर लिहिलेलं तास संपला की पुसलं जायचं. मुलाच्या डोक्यात काही उरलं तर उरलं, वरिष्ठांच्या हाती काहीच लागत नसे. २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली आणि मुलं संगणकात जाऊन बसली. पाठोपाठ नोव्हेंबर २०१६ मध्ये तो गाजलेला आदेश निघाला, की शिक्षकांनी सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढावा आणि ‘सरल’वर चढवावा. हेतू उदात्त होता, शाळाबाह्य मुलं शोधायची होती. आता शाळेबाहेरची मुलं शाळेतल्या सेल्फीत कशी सापडणार, असले प्रश्न शिक्षणात विचारायचे नसतात. शिक्षकांनी मात्र भलतेच प्रश्न काढले. फोन कोणाचा, रिचार्ज कोणाचं, सत्तर मुलांचे सात सेल्फी होईपर्यंत पहिला तास कोण घेणार? योजना बारगळली.

पण चांगला विचार कधी मरत नाही. डिसेंबर २०२३ पासून मुलांची हजेरी ‘स्विफ्टचॅट’ नावाच्या ॲपवरल्या बॉटला कळवायचं ठरलं. वर्गातली मुलं अजूनही ‘हजर’ म्हणतात, ते आपलं जुन्या सवयीने.

आमच्या परिचयातले एक गुरुजी डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेवर आहेत. शाळा पायथ्याला, नेटवर्क टेकडीवर. सकाळी हजेरीसाठी एक चढ, दुपारी खिचडीसाठी दुसरा. किती ताटं बसली, तांदूळ किती शिजला, तेल किती लागलं, शिल्लक किती राहिलं, सगळं त्याच दिवशी भरायचं. मधल्या वेळेत गटावर निरोपांचा पाऊस असतो. ‘तात्काळ’ म्हणजे आज, ‘अति तात्काळ’ म्हणजे काल. ‘आपल्या केंद्राचं काम मागे आहे, ही बाब गंभीर आहे.’ आणि सगळ्यांत गोड तो निरोप, ‘माहिती निरंक असल्यास निरंक अहवाल सादर करावा.’ म्हणजे कळवण्यासारखं काहीच नसेल, तर ते टेकडी चढून कळवावं.

मी विचारलं, “गुरुजी, मग शिकवता केव्हा?”

“रेंज गेली की,” गुरुजी म्हणाले.

त्यांच्या तिसरीत एक मुलगा आहे. पहिल्या रांगेत बसतो, सतराचा पाढा धडाधड म्हणतो, खिचडी दोनदा मागून घेतो. पण आधार कार्डावर त्याच्या नावाचं स्पेलिंग एक आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात दुसरं, त्यामुळे पोर्टलच्या मते तो अवैध आहे. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला शिक्षक किती द्यायचे हे ठरवताना, आधार वैध असलेल्या मुलांचाच हिशोब धरला जातो. तेव्हा हे अवैध मूल वर्गात बसून शिकतं, हा त्याचा मोठेपणाच म्हणायचा. त्याच्या शेजारचा मात्र आईबापांमागे ऊसतोडीला गेलाय. तो कुठल्या फडावर आहे ते कुणालाच ठाऊक नाही, पण पोर्टलवर तो ठणठणीत वैध आहे.

मोठी माणसं या सगळ्यावर कुरकुरतात. मुलं कुरकुरत नाहीत, मुलं शिकतात. वाचनाचा उपक्रम असला की गोष्टीची प्रत एकच आणि फोटो प्रत्येकाचा. मूल पुस्तक हातात घेतं, मान नेमकी कललेली ठेवतं, क्लिक झालं की न सांगता पुढच्याच्या हातात देतं. “बाई, माझं वाचून झालं.” बाईंनी तरी काय म्हणावं? त्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे खूण झालेली असते. वृक्षारोपणाला रोपाभोवती दहा हात लागतात, आणि फोटो झाल्यावर पाण्याची बादली आणायला कोणी जायचं यावरून भांडण होतं. स्वच्छतेच्या दिवशी आधीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडतात, कारण पहाटे झाडलं तेव्हा उजेड कमी होता.

एवढंच कशाला, मुलांचा शाळा-शाळा हा खेळसुद्धा बदलला. पूर्वी खेळातले गुरुजी हातात छडी घ्यायचे आणि उगाच एकाला अंगठे धरायला लावायचे. आता फरशीचा तुकडा डोळ्यांसमोर धरतात आणि ओरडतात, “इकडं बघा! मागचे, उभे राहा! झालं. बसा.” खेळ संपला. शाळेचं इतकं अचूक निरीक्षण कोणत्याही तपासणी पथकाच्या अहवालात सापडायचं नाही.

हीच मुलं उद्या ग्रामपंचायत अधिकारी होतील, अभियंते होतील, आमदारही होतील. रस्ता झाला हे फोटोत सिद्ध करतील, बंधाऱ्यात पाणी आहे हे अक्षांश-रेखांशासह दाखवतील. त्यांना प्रशिक्षण द्यायची गरज पडणार नाही. ते पहिलीतच झालंय.

काही मंडळी याचं खापर मोबाइलवर फोडतात. त्या बिचाऱ्या यंत्राचा काय दोष? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले. मूल घरी बापाचा फोन त्यावर धरायचं आणि धडा ऐकायचं, पाहायचं. पुढे राज्याने आपल्या पाठ्यपुस्तकांतही ते कोड घेतले, आणि २०२० साली डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. तोही फोनच होता. फरक इतकाच, की परितेवाडीत फोन मुलाला काहीतरी सांगत होता. बाकी ठिकाणी तो मुलाबद्दल साहेबांना सांगतो.

आणि मुलं शिकत नाहीत, असं म्हणणंही अन्यायाचं आहे. ‘असर’ या सर्वेक्षणाचा २०२४ चा देशभरातल्या ग्रामीण मुलांचा अहवाल पाहा. चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. सर्वेक्षणाआधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासाच्या कामाला वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. त्याच अहवालात पाचवीतली मुलंही आहेत. त्यांच्यातल्या जेमतेम ४९ टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. पहिल्या विषयात पोरं विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाली, कारण त्या विषयाचं प्रात्यक्षिक मोठ्यांनी त्यांच्यासमोर रोज, सुट्टी न घेता केलं. दुसऱ्या विषयाचं प्रात्यक्षिक कोण करतं? घरात वाचणारा माणूस दिसायचा तर लाइट जाऊन फोनची बॅटरीही संपायला लागते, आणि तेव्हा अंधार असतो.

‘आम्हाला शिकवू द्या’ अशी घोषणा देत या राज्यातले शिक्षक रस्त्यावर उतरले आहेत. जगाच्या पाठीवर कामगारांनी काम कमी करा म्हणून मोर्चे काढले, आपलं नेमलेलं काम करू द्या म्हणून मोर्चा निघावा हा मान आपला. शासनानेही दाद दिली. २०२४ मध्ये निर्णय काढून कोणती कामं शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक, याचं रीतसर वर्गीकरण केलं. गुरुजी म्हणतात, वर्गीकरण छान आहे, आता टेकडी चढताना नेमकं कळतं की हा चढ शैक्षणिक आहे.

खरं म्हणजे कायदा आधीपासून आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसऱ्या कोणत्याही अशैक्षणिक कामाला लावता येणार नाही. या तीन कामांचा दरारा मात्र पाहण्यासारखा असतो. निवडणूक आली की सगळ्या लिंका थंड पडतात, अति तात्काळही थांबतं.

म्हणून एक नम्र सूचना आहे. पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, ही आपत्ती आहे की नाही, ते शासनाने एकदाचं जाहीर करावं. जाहीर झालं की वाचायला शिकवणं आपोआप आपत्ती निवारणात बसतं, आणि मग ते थांबवायची कोणाची छाती होणार नाही. त्यात आणखी एक फायदा आहे. आपत्ती म्हटली की पंचनामा आला, आणि पंचनामा काही टेकडीवरून होत नाही. साहेबांना जागेवर यावं लागेल, तिसरीच्या वर्गात मांडी घालून बसावं लागेल आणि त्या अवैध मुलाला सांगावं लागेल, “बाळ, हे पान वाच बरं.” मोबाइल तेवढा गाडीत ठेवून यावं.