फाईलीचे वतनदार

वाळूज एमआयडीसीतल्या सुटे भाग करणाऱ्या एखाद्या जुन्या कारखान्यात शिरा, स्टोअर्सच्या कोपऱ्यात एक काका बसलेले दिसतील. हुद्दा काहीही असो, ओळख एकच: ‘ॲक्सेसवाले काका’. बोल्ट किती, बेअरिंग किती, कुणाचं बिल अडकलंय, सगळं त्यांच्या एका एमडीबी फाईलीत. मायक्रोसॉफ्टनं ॲक्सेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर १९९२ साली आणलं, २००७च्या आवृत्तीत एसीसीडीबी हा नवा साचाही दिला. काका जुन्यावरच. ‘चालत्या गाडीला खीळ कशाला?’ फाईल २ जीबीच्या पुढं वाढू शकत नाही, म्हणून दर शनिवारी ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालतं. तेवढा वेळ स्टोअर्समध्ये कुणी मोठ्यानं बोललेलं त्यांना खपत नाही.

ही फाईल मुख्य ऑफिसच्या डेटा इंटिग्रेशन टूलला जोडायला मला पाठवलं होतं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘जोडायची कशाला? आकडा मला विचारा, मी सांगतो की.’

ओडीबीसी या डेटाबेस जोडायच्या दुव्यातून जायचं ठरलं. टूल ६४ बिटचं, काकांचं एमएस ऑफिस ३२चं. टूलला ड्रायव्हर दिसेचना. त्यात विंडोजची गंमत अशी, की ६४ बिटचा ओडीबीसी मॅनेजर ‘सिस्टिम३२’ नावाच्या फोल्डरात असतो आणि ३२चा ‘सिसवाव६४’मध्ये. मी तासभर भलत्याच खोलीत चाचपडत होतो.

‘देवगिरी किल्ल्याची अंधारी पाहिलीस का?’ मागून काका. ‘शत्रूला असंच फिरवायचे.’

शत्रू कोण, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी टूलची ३२ बिटची आवृत्ती मागवली तेव्हा दार किलकिलं झालं. आत शहराचा रकाना भेटला, दहा अक्षरांचा. इंग्रजीत औरंगाबाद त्यात बरोब्बर मावतं. २०२३मध्ये नाव बदललं. छत्रपती संभाजीनगर मधली मोकळी जागा धरून पंचवीस अक्षरांचं. रकाना वाढवायला दोन मिनिटं लागली असती. काकांनी ‘शहर२’ काढला होता. शेजारी ‘शेरा’, ‘शेरा१’ आणि ‘शेरा१ जुना पुसू नये’.

‘काका, का पुसू नये?’

‘आठवत नाही. पण लिहिलंय ना!’

दिवसा काही जमेना. काका सकाळी नऊला फाईल उघडत ती ‘एक्सक्लुझिव्ह’, म्हणजे आत एकटे आणि दाराला कडी. जेवायला उठले तरी कडी तशीच. म्हणून मी टूलला रात्री दोनची वेळ लावून दिली. सगळ्या नोंदी बिनबोभाट मुख्य ऑफिसात पोचल्या, ‘पुसू नये’ सकट.

फाईलीवरची तारीख-वेळ काका रोज सकाळी तपासतात, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. नऊ वाजून दोन मिनिटांनी फोन.

‘काय रे, रात्री दोनला माझ्या फाईलीत काय शोधत होतास?’